ॲल्युमिनियम तापल्यावर किती वाढतं? मिश्रधातू आणि कंपोझिट यांच्या प्रसरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एककाचं बोलून घेऊ. या पानावर 'गुणांक' म्हणजे रेषीय प्रसरण गुणांक: एक मीटर लांबीची वस्तू एक अंश सेल्सिअसने तापली की ती किती मायक्रोमीटर वाढते. एकक सगळीकडे हेच आहे, म्हणून पुढे नुसते आकडे लिहिले आहेत. शुद्ध ॲल्युमिनियमचा आकडा खोलीच्या तापमानाला सुमारे २३.

२३ हा आकडा मोठा की लहान?

नेहमीच्या वापरातल्या धातूंमध्ये मोठाच. साध्या पोलादाचा १२ च्या आसपास, तांब्याचा १७, टायटॅनियमचा ८.६, टंगस्टनचा ४.५. ॲल्युमिनियमच्या पुढे मॅग्नेशियम (सुमारे २५), शिसं (२९) आणि जस्त (३०) अशी मोजकीच नावं येतात. एक मीटरची ॲल्युमिनियमची सळई १०० अंशांनी तापवली की २.३ मिलिमीटर वाढते, पोलादाची १.२.

पण ही सळई मोकळी ठेवली तर ती वाढेल, परत आक्रसेल, कुणाचं काही बिघडणार नाही. भांडण लागतं ते शेजाऱ्याशी. ॲल्युमिनियमला पोलादाचा बोल्ट लागला, सिलिकॉनची चिप चिकटली, काच बसली, की मग २३ हा आकडा नाही, तर २३ आणि शेजाऱ्याचा आकडा यांतला फरक महत्त्वाचा. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या फरकाचेच आहेत.

धातू तापल्यावर मुळात वाढतो कशामुळे? अणू जोरात हलतात म्हणून ना?

हे अर्धंच खरं. अणू नुसते जोरात हलल्याने वस्तू वाढत नाही. दोन अणूंमधला बंध जर आदर्श स्प्रिंगसारखा असता, म्हणजे दाबायला आणि ताणायला सारखाच अवघड, तर कंपनं कितीही वाढली तरी त्यांच्यातलं सरासरी अंतर तेवढंच राहिलं असतं. प्रत्यक्षात अणू एकमेकांच्या जवळ ढकलणं फार अवघड आणि दूर ओढणं त्या मानाने सोपं. कंपन वाढलं की अणू आत जितका सरकतो त्यापेक्षा बाहेर जास्त सरकतो आणि सरासरी अंतर वाढतं. प्रसरण हे या असमानतेचं फळ आहे.

यावरून एक ढोबळ नियमही निघतो. त्याच्याशी एडुआर्ड ग्रुनायझेन या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव जोडलेलं आहे. निरपेक्ष शून्यापासून वितळेपर्यंत बहुतेक धातू लांबीत साधारण दोन टक्के वाढतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टंगस्टन ३४०० च्याही वर. तेवढीच वाढ एकाला थोडक्या अंशांत उरकायची आहे, दुसऱ्याला निवांत. म्हणून सहज वितळणाऱ्या धातूंचा गुणांक मोठा.

तापवल्यावर पत्र्यातलं भोक लहान होतं की मोठं?

मोठं. भोकाच्या जागी धातूच आहे अशी कल्पना करा. ती चकती जेवढी वाढली असती तेवढंच भोक वाढतं.

एका तक्त्यात २३.१, दुसऱ्यात २३.६, तिसऱ्यात २५.५. बरोबर कोणतं?

तिन्ही. गुणांक हा एक ठरलेला आकडा नाही, तो तापमानाबरोबर वाढतो. २३.१ हा २५ अंशांवरचा, त्या बिंदूपुरता गुणांक. २३.६ ही २० ते १०० अंशांमधली सरासरी आणि २५.५ ही २० ते ३०० मधली. ज्या तक्त्यात तापमानाची मर्यादा लिहिलेली नाही तो मी बाजूला ठेवतो, तुम्हीही ठेवा.

थंड बाजूला तर चूक आणखी मोठी होते. खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंशांपर्यंत, २३ हा आकडा सरसकट धरला तर एक मीटरमागे पाच मिलिमीटर आक्रसायला हवेत. प्रत्यक्षात ३.९ च आक्रसतात, कारण थंडीत गुणांक घसरत जातो आणि निरपेक्ष शून्याजवळ शून्यावर येतो. तिथून पुढे द्रव हेलियमपर्यंत मीटरमागे जेमतेम पाव मिलिमीटरची भर पडते. स्टेनलेस स्टील याच प्रवासात, नायट्रोजनपर्यंत, २.८ मिलिमीटर आक्रसतं. ॲल्युमिनियमचं टाकं आणि स्टीलची नळी जोडणाऱ्याने या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवावा.

मिश्रधातू बदलून गुणांक कमी करता येईल का?

ताकद हवी म्हणून ६०६१ सोडून ७०७५ घेतला (हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे ठरलेले क्रमांक), की प्रसरणही बदलेल असं अनेकांना वाटतं. नाही बदलत. २०२४, ६०६१, ७०७५ यांची ताकद एकमेकांपेक्षा बरीच वेगळी, पण २० ते १०० अंशांतला गुणांक सगळ्यांचा २३ ते २३.६ च्या पट्ट्यातच. तांबं, जस्त, मॅग्नेशियम काही टक्क्यांत मिसळून अणूंमधले बंध फारसे बदलत नाहीत. मॅग्नेशियम तर गुणांक किंचित वाढवतंच.

अपवाद सिलिकॉनचा. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेल्या ४०३२ चा गुणांक १९.४, १७ टक्क्यांच्या ओतीव मिश्रधातूचा १८ च्या आसपास. वितळलेला धातू फवारून गोळा बनवण्याच्या पद्धतीने ५० टक्के सिलिकॉन घातलं तर ११, ७० टक्के घातलं तर ७.

सिलिकॉनच का चालतं? कारण ते ॲल्युमिनियममध्ये फारसं विरघळतच नाही. ५७७ अंशांना, म्हणजे सर्वांत अनुकूल स्थितीतही, जेमतेम १.६५ टक्के विरघळतं. उरलेलं वेगळे कण होऊन राहतं, आणि त्या कणांचा स्वतःचा गुणांक २.६. हे ताठ कण भोवतालच्या ॲल्युमिनियमला वाढू देत नाहीत. खरं पाहता ॲल्युमिनियम-सिलिकॉन हे भट्टीतून आपोआप तयार होऊन येणारं कंपोझिटच आहे, म्हणजे एकमेकांत न विरघळता एकत्र राहिलेल्या दोन पदार्थांची जोडी. आपण त्याला मिश्रधातू म्हणतो, इतकंच.

या मिश्रधातूंचा इतिहासही मोठा गमतीचा. सिलिकॉनचे स्फटिक जाडेभरडे राहिले की ओतीव काम ठिसूळ होतं, म्हणून सुरुवातीला त्यांना कुणी विचारत नव्हतं. अलादार पाच या हंगेरियन-अमेरिकन संशोधकाने वितळलेल्या धातूत सोडियमचं संयुग थोडंसं घालून ते स्फटिक बारीक करून दाखवले. १९२१ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं आणि पिस्टनचा मार्ग मोकळा झाला.

पिस्टनमध्ये प्रसरणाचं एवढं कौतुक का?

हिशोब करून बघा. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन, गुणांक २०. माथा २० वरून २५० अंशांवर गेला तर व्यास ०.३७ मिलिमीटरने वाढतो. भोवतालचा बिडाचा सिलिंडर, गुणांक ११, समजा १२० अंशांपर्यंतच तापला, तर त्याचा व्यास वाढतो ०.०९. म्हणजे माथ्यापाशी पाव मिलिमीटरहून जास्त जागा आधीच सोडून ठेवली नाही तर पिस्टन अडकणार. सरसकट तेवढी जागा सोडली तर थंड इंजिन खडखडणार.

म्हणून पिस्टन वरवर गोल दिसला तरी गोल नसतो. माथ्याकडे बारीक, खाली किंचित फुगीर, आणि आडव्या छेदात लंबगोल. पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनेच्या दिशेला धातू जास्त असतो आणि तिथे वाढही जास्त होते, म्हणून त्या दिशेचा व्यास कमी ठेवतात. तापला की तो जवळपास गोल होतो. थंडीत वाकडा आणि कामाला लागला की सरळ, असा हा भाग आहे. गुणांक २३ वरून २० वर आणला की हे सगळं गणित सैल होतं, आणि थंड इंजिनातला आवाजही कमी होतो.

कंपोझिटही इथे लवकर पोचलं. १९८३ च्या सुमारास टोयोटाने डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये रिंगची खाच सिरॅमिकच्या आखूड तंतूंनी मजबूत केली होती. त्यात मुख्य उद्देश झीज थांबवण्याचा होता.

उष्णता-प्रक्रियेने गुणांक बदलतो का?

नगण्य. पण एक वेगळीच गोष्ट होते आणि ती अनेकदा गुणांकाच्या माथी मारली जाते. विद्राव्य घटक हळूहळू बारीक कण होऊन बाहेर पडतात तेव्हा वस्तूचं माप कायमचं थोडं वाढतं. हे प्रसरण नव्हे, कारण थंड झाल्यावर ते परत जात नाही. ज्या भागाला पुढे गरम वातावरणातच राहायचं आहे त्याला आधीच जरा जास्त तापमानाला पिकवून घेतात, म्हणजे ही वाढ यंत्रणेच्या पहिल्या दिवसाआधीच उरकते.

कंपोझिटमध्ये दोन्ही घटकांची सरासरी काढली की झालं ना?

तिथेच फसगत होते. समजा ॲल्युमिनियममध्ये आकारमानाने ४० टक्के सिलिकॉन कार्बाइडचे कण आहेत. कार्बाइडचा गुणांक ४. साधी सरासरी येते १५.४. पण कार्बाइड ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी ताठ. दोघांची ओढाताण झाली की ताठ बाजूचं म्हणणं जास्त चालतं. सरासरी काढताना हा ताठपणा वजन म्हणून धरायला हवा.

टर्नर या संशोधकाने १९४६ मध्ये तसंच केलं. घनफळ बदलायला होणारा विरोध त्याने तराजूत घातला, आणि आपल्या उदाहरणाचं उत्तर येतं १०.५ च्या जवळ. त्याने आकार बदलताना, म्हणजे कातरताना, होणारा विरोध सोडून दिला होता, त्यामुळे उत्तर फार खाली जातं. केर्नरने १९५६ मध्ये तोही धरला, उत्तर १४.३. शेपरीने १९६८ मध्ये वरची आणि खालची मर्यादा देऊन वादाला कुंपण घातलं. कण सुटे आणि भोवती सलग धातू अशी रचना असेल तर प्रत्यक्ष मोजमाप बहुधा केर्नरच्या शेजारी पडतं. कण इतके दाट झाले की एकमेकांना टेकून त्यांचाच सांगाडा तयार झाला, तर ते खाली सरकतं.

माझं मत विचाराल तर संगणकीय मॉडेलला हात घालण्याआधी केर्नरचं सूत्र कागदावर सोडवून बघावं. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडचा एवढा गाजावाजा कशासाठी?

रेल्वे इंजिनासारख्या मोठ्या यंत्रांत वीज नियंत्रित करणाऱ्या पॉवर मॉड्युलसाठी. त्यात सर्वांत वर सिलिकॉनची चिप, गुणांक २.६. खाली सिरॅमिकची पट्टी: अल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) असेल तर सुमारे ७, ॲल्युमिनियम नायट्राइड असेल तर ४.५. सगळ्यात खाली उष्णता वाहून नेणारी बैठक. बैठक तांब्याची घेतली तर उष्णता उत्तम वाहते, वाहकता ४०० च्या आसपास (वॅट प्रति मीटर प्रति अंश), पण गुणांक १७. गाडी सुटली की मॉड्युल तापतं, थांबली की निवतं. दरवेळी सिरॅमिक आणि तांब्यामधला सोल्डरचा थर इकडून तिकडे कातरला जातो, आणि हजारो फेऱ्यांनंतर त्याला कडेने भेग पडायला लागते. भेगेतून उष्णता जात नाही, चिप आणखी तापते, भेग आणखी वाढते.

६० टक्क्यांहून जास्त कार्बाइड असलेल्या कंपोझिटचा गुणांक ८ च्या आसपास येतो. वाहकता १८० ते २००, म्हणजे तांब्याच्या निम्मी. घनता घन सेंटीमीटरला ३ ग्रॅम, तांब्याची जवळपास ९. कागदावर पाहिलं तर वाहकतेत तोटाच दिसतो. पण उष्णता वाहून नेणारी साखळी सोल्डरपाशी तुटणार असेल तर तांब्याच्या त्या ४०० चा उपयोग काय?

अडचणीही आहेत. हे कंपोझिट कापायला हिऱ्याची हत्यारं लागतात, म्हणून कार्बाइडचा सच्छिद्र साचा आधीच हव्या त्या आकारात करून त्यात धातू दाबाने भरतात. शिवाय वितळलेलं ॲल्युमिनियम आणि कार्बाइड यांची रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होऊ शकतं. ते ठिसूळ तर असतंच, पण ओलावा लागला की मिथेन सोडत विघटित होतं. उपाय पुन्हा सिलिकॉनच: धातूत ते आधीच भरपूर असलं की ही क्रिया दबते.

कणांऐवजी तंतू घातले तर?

मग गुणांक एक उरत नाही. तंतूंच्या दिशेने एक, आडव्या दिशेने दुसरा. कार्बन तंतूचा लांबीच्या दिशेचा गुणांक किंचित उणे असतो, म्हणजे तापल्यावर तो लांबीत थोडा आखडतो. योग्य प्रमाणात घातला तर त्या दिशेने जवळपास शून्य प्रसरणाचं कंपोझिट मिळतं. आडव्या दिशेने मात्र ते वाढतंच.

हबल अवकाश दुर्बिणीत अँटेनाचा सुमारे ३.६ मीटर लांबीचा दांडा अशा ग्राफाइट तंतू आणि ६०६१ च्या कंपोझिटचा आहे. ऊन आणि सावली यांच्या आलटापालटीतही अँटेनाची दिशा हलू नये हा त्यामागचा एक हेतू, आणि विद्युतलहरी वाहून नेण्याचं कामही तोच दांडा करतो. त्याआधी स्पेस शटलच्या मधल्या धडात बोरॉन तंतू आणि ॲल्युमिनियमच्या २४३ नळ्या होत्या, पण तिथे मुख्य लाभ वजनाचा.

जमिनीवरचं उदाहरण मला जास्त आवडतं, ते म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारा. नेहमीच्या तारेत मध्ये पोलाद आणि भोवती ॲल्युमिनियमचे पेड. तार तापली की ॲल्युमिनियम जास्त वाढतं आणि ओझं हळूहळू पोलादावर ढकलतं. एका तापमानानंतर सगळा भार पोलादच पेलतं, आणि तिथून पुढे तार पोलादाच्या ११.५ या गुणांकानेच झोळ खाते. पोलादाच्या जागी अल्युमिना तंतू आणि ॲल्युमिनियमच्या कंपोझिटचा गाभा घातला तर हा आकडा ६ च्या आसपास येतो. त्याच खांबांवरून जास्त प्रवाह नेता येतो, कारण तार तेवढी खाली येत नाही.

कार्बन तंतूंबद्दल एक सावधगिरी: ओलाव्यात कार्बन आणि ॲल्युमिनियम मिळून विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

कंपोझिट पहिल्यांदा तापवलं तेव्हा एक आलेख आला, दुसऱ्यांदा दुसराच. उपकरण बिघडलं?

बहुधा नाही. कंपोझिट तयार होतं गरम असताना आणि मग थंड होतं. ॲल्युमिनियमला जास्त आक्रसायचं असतं, कण आक्रसू देत नाहीत. दोघांच्या गुणांकांत १९ चा फरक. १०० अंशांत ०.१९ टक्के विजोड साचतो. मऊ अवस्थेतलं ६०६१ साधारण ०.०८ टक्के ताणालाच कायमचं वाकायला लागतं. म्हणजे चाळीसेक अंशांतच धातू शरण येतो, आणि थंड होईपर्यंत कणांभोवतीचं ॲल्युमिनियम ताणाने भरलेलं राहतं.

पहिल्यांदा तापवताना हा साठलेला ताण सुटतो आणि आलेखात दिसतो. थंड करताना उलटा ताण भरतो. म्हणून तापवण्याची आणि थंड करण्याची रेघ एकमेकींवर बसत नाही, मध्ये पोकळी राहते. काही फेऱ्यांनंतर ती स्थिरावते. दोन-तीनशे अंशांच्या पुढे गुणांक वाढायचा थांबून खाली वळतो असंही अनेक नमुन्यांत दिसतं. आत बारीक पोकळ्या राहिल्या असतील तर मऊ झालेलं ॲल्युमिनियम बाहेर वाढण्याऐवजी त्यांच्यात शिरतं. अहवालात कोणत्या फेरीचा आकडा दिला आहे ते लिहा. न लिहिणारे फार.

तापवल्यावर आक्रसणारा, म्हणजे उणे गुणांकाचा पदार्थ मिसळून ॲल्युमिनियमचा गुणांक शून्य करता येईल?

कल्पना आकर्षक आहे. झिर्कोनियम टंगस्टेटचा गुणांक सुमारे उणे ९, आणि तोही सगळ्या दिशांना सारखा. पण साधारण ०.२ गिगापास्कल दाबाला त्याची रचनाच बदलते आणि उणेपणा कमी होतो. कंपोझिट थंड होताना आक्रसणारं ॲल्युमिनियम कणांवर दाब टाकतं, म्हणजे नेमकं ज्याने ते बिघडतं तेच. मला यात अजून तरी प्रयोगशाळेपलीकडचं भवितव्य दिसत नाही.

ॲल्युमिनियमचा भाग घट्ट अडकवून तापवला तर ताण किती येतो?

दर अंशाला सुमारे १.६ मेगापास्कल. पोलादात हाच आकडा २.४ येतो, कारण पोलाद वाढतं कमी पण ताठ तिप्पट. 'ॲल्युमिनियम जास्त वाढतं म्हणून जास्त ताण' हा समज इथे उलटा पडतो. मात्र मऊ ॲल्युमिनियमची सहनशक्तीही कमी. पोलादी बोल्टने आवळलेला ॲल्युमिनियमचा भाग तापला की बोल्ट ताणतो, ॲल्युमिनियम दबून किंचित वाहतं, आणि थंड झाल्यावर जोड सैल सापडतो. विजेच्या जोडांत अशा सैल जागा तापतात. बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर घालतात ते यासाठी.

गुणांक मोजतात कसा?

सर्वांत प्रचलित साधन म्हणजे दांडीचा डायलेटोमीटर, ज्याची पद्धत एएसटीएम ई२२८ या मानकात दिली आहे. नमुना भट्टीत, त्याला टेकलेली क्वार्ट्झ काचेची दांडी बाहेर, आणि दांडी किती सरकली ते मोजायचं. काचेचा गुणांक ०.५ च्या आसपास असतो, तो हिशोबात धरायचा. २५ मिलिमीटरचा नमुना एका अंशाला ०.६ मायक्रोमीटरसुद्धा वाढत नाही. म्हणून तापवण्याचा वेग मिनिटाला तीन ते पाच अंशांच्या वर नेऊ नये. नाहीतर थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) एक तापमान सांगतो आणि नमुन्याचा गाभा दुसऱ्याच तापमानाला असतो.

क्ष-किरणांनी स्फटिकातलं अणूंमधलं अंतर मोजूनही गुणांक काढता येतो. खूप तापवल्यावर ही दोन मापं जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातून फार सुंदर गोष्ट हाती आली. १९६० मध्ये सिमन्स आणि बालुफी यांनी ॲल्युमिनियमवर दोन्ही मापं एकाच वेळी घेतली. वितळण्याजवळ सळई स्फटिकाच्या मापापेक्षा किंचित जास्त लांब भरली. तो फरक रिकाम्या जागांचा होता: आतून अणू निघून पृष्ठभागावर जाऊन बसले होते. वितळण्याच्या उंबरठ्यावर दर दहा हजार जागांपैकी नऊएक जागा रिकाम्या असतात, हे असं कळलं.

कारखान्यात साध्या मापांतही प्रसरण धरायला हवं का?

लांबीची सगळी मापं २० अंशांना धरायची असा आंतरराष्ट्रीय संकेत १९३१ पासून आहे. १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा ३० अंशांना मोजला तर तो २३ मायक्रोमीटर मोठा दिसतो. पोलादी मोजपट्टीही तिथेच ३० अंशांना असेल तर ती स्वतः १२ ने वाढलेली असते, आणि चूक उरते ११ ची. मशीनवरून नुकताच काढलेला भाग लगेच मोजू नका, एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतात.

कॉन्कॉर्ड विमान उडताना लांब व्हायचं, हे खरं का?

खरं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं सुमारे ६२ मीटरचं विमान, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना हवेच्या दाबाने कातडी शंभर अंशांच्या आसपास तापायची. वरचाच हिशोब लावा: १०० अंशांच्या फरकाला १४ सेंटीमीटर. कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनियरच्या पॅनेलशेजारी या वाढीने एक फट उघडायची. काही जणांनी शेवटच्या उड्डाणात त्या फटीत आपली टोपी सरकवून ठेवली. विमान थंड झालं, फट मिटली, टोपी आतच राहिली.